टपालांतील मायलेकी

ठाकुरद्वाराच्या नाक्यावरून समुद्राच्या रोखानें चालूं लागलें म्हणजे चौपाटीची वाळू गांठावयास फारसा वेळ लागत नाहीं. तेथें विल्सन कॉलेजची दगडी इमारत आहे, आणि त्याच आसमंतांतील एका भाड्याच्या घरांत ११ मार्च १८८९ रोजीं पंडिता रमाबाईंनीं विधवांसाठीं व मुलींसाठीं ‘शारदासदन’ उघडलें. गिरगांवांतील जुन्या मंडळींना ही हकीकत ऐकून ठाऊक असते. सदनाचा पैसा अमेरिकेंतून आला हेंही ठाऊक असतें, आणि पुढें पुण्यास त्यावरून जें वादळ उठलें तें तर महाराष्ट्र अजून विसरला नाहीं. पण हा पैसा गोळा होत असतां एक लहान मुलगी आईवांचून इंग्लंडांतील एका मठांत वाढत होती, आणि तिची आई अमेरिकेंतून तिला पत्रें धाडीत होती, ही बाजू सहसा कोणी सांगत नाहीं. श्रोतेहो, आज त्या पत्रांची गोष्ट सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिका हा पत्रांचा देश होता असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. देश अफाट, माणसें सदा फिरतीवर. एक मुलगा पश्चिमेकडे शेती करावयास गेला, एक मुलगी मॅसॅच्युसेट्समधील लोवेलच्या कापडगिरण्यांत कामाला लागली, आणि घर काय तें पत्रांवर जोडलेलें राहिलें. लोवेलला गेलेल्या शेतकऱ्यांच्या मुली घरीं जीं पत्रें लिहीत त्यांपैकीं पुष्कळ तिकडच्या लोकांनीं जपून ठेविलीं आहेत. पगार, खानावळ, प्रकृति आणि घरचीं माणसें ह्यांपलीकडे त्यांत विशेष कांहीं नसतें. पण तेवढ्यावरूनच त्या काळचें घर कसें चाले हें इतिहासकाराला कळतें. लुइझा मे ऑल्कॉट ह्या प्रसिद्ध लेखिकेच्या घरीं तर आई व मुलगी एकाच छपराखालीं राहूनसुद्धां एकमेकींस चिठ्ठ्या लिहीत! सरकारनेंही टपाल स्वस्त केलें होतें. १८६३ पासून मोठ्या शहरांतून पत्र घरपोंच मिळूं लागलें, आणि १८८३ च्या ऑक्टोबरांत साध्या पत्राचा दर तीन सेंटांवरून दोन सेंटांवर आला.

त्याच १८८३ च्या ४ जून रोजीं अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय मुलगी न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरली. आनंदीबाई जोशी हें तिचें नांव. तिला अमेरिकेंत ओढून नेलें तें पत्रांनींच, म्हणून रमाबाईंच्या आधीं तिच्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत.

आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव हे टपालखात्यांत नोकरीस होते. बायकोला शिकवावयाचें ह्या एका वेडानें झपाटलेल्या ह्या गृहस्थांनीं १८७८ सालीं कोल्हापुराहून एका अमेरिकन पाद्र्यास पत्र लिहून मदत मागितली. पाद्रीबोवांनीं धर्मांतराचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकांत छापून टाकला. मदत मिळाली नाहीं ती नाहींच. पण १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवची थिओडिशिया कार्पेंटर नांवाची एक प्रापंचिक बाई दांताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसली असतां तिच्या हातीं तो अंक लागला. तिनें त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलें. पंधरा वर्षांच्या आनंदीबाईंनीं उत्तर धाडलें. पुढें तीन वर्षें हें टपाल चाललें. बालविवाह, बायकांचें आरोग्य, दोन्ही देशांतील रीतिरिवाज, असे सर्व विषय त्यांत आले. आनंदीबाईंची प्रकृति बरी नाहीं असें कळतांच बाईंनीं तिकडून औषधें पाठविलीं. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत.

ह्या एका शब्दापाशीं क्षणभर थांबावेंसें वाटतें. आनंदीबाईंच्या मातोश्री करड्या स्वभावाच्या होत्या. आईच्या तोंडून मायेचा शब्द आपणांस कधीं मिळाला नाहीं, मार मात्र पुष्कळ मिळाला, असें आनंदीबाईंनीं अगदीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे. चौदाव्या वर्षीं त्यांना मूल झालें, तें दहा दिवसांतच गेलें. म्हणजे आईची माया मिळाली नाहीं आणि आई होऊनही ती देण्याची संधि राहिली नाहीं, अशा मुलीनें साता समुद्रांपलीकडच्या, कधीं डोळ्यांनीं न पाहिलेल्या बाईला मावशी म्हणावें! ‘माय मरो पण मावशी जगो’ ही आपली म्हण कोणीं केली असेल ती असो. ती इतक्या लांबच्या मावशीला लागू पडेल अशी कल्पना तिच्या कर्त्याला खास नसेल. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटींत चढल्या, आणि जवळजवळ दोन महिन्यांनीं न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ही मावशी त्यांना घ्यावयास उभी होती.

योगायोग असा कीं, त्याच एप्रिल महिन्यांत मुंबईहून दुसरी एक आगबोट इंग्लंडला निघाली, आणि तींत रमाबाई व त्यांची दोन वर्षांची मुलगी मनोरमा ह्या होत्या.

रमाबाईंना आईची माया भरपूर मिळाली होती. आई मात्र फार लवकर गेली. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकापवाद सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं मुलीला. दिवसभर संसाराचा व यात्रेकरूंचा राबता. म्हणून पहांटे, पांखरें जागीं होण्याच्या सुमारास, झोपेंतल्या मुलीला लाडानें उठवून त्या तिला श्लोक सांगत. पुढें कुटुंब देशोधडीला लागलें, मद्रास इलाख्यांतल्या दुष्काळांत वडील गेले आणि पाठोपाठ आई गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास पुरेसे ब्राह्मण मिळेनात, तेव्हां रमाबाईंनीं स्वतः तिरडी उचलली. उंची कमी पडली म्हणून त्यांना ती डोक्यावर घ्यावी लागली. त्या वेळीं त्या सोळा वर्षांच्या होत्या. ह्या मायलेकींत पत्राचा एक कपटाही लिहिला गेला नाहीं, कारण त्या कधीं वेगळ्या राहिल्याच नाहींत. पुढें रमाबाईंचा आणि त्यांच्या मुलीचा जो संबंध सर्वस्वीं टपालावर येऊन पडला, त्याच्या शेजारीं ही पहांटेची शिकवण ठेवून पाहावी.

भावाचा मृत्यु, बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं झालेला विवाह, १६ एप्रिल १८८१ रोजीं झालेला मनोरमेचा जन्म आणि दुसऱ्याच वर्षीं फेब्रुवारींत आलेलें वैधव्य, हें सर्व अवघ्या दोन वर्षांतलें आहे. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन विलायतेस निघाल्या. वैद्यकी शिकावयाची असा बेत होता. परंतु त्यांना दिवसेंदिवस ऐकूं कमी येत चाललें होतें, आणि वैद्यकीचें दार त्या कारणानें बंद झालें. नभोवाणीवरील भाषणांत हें सांगतांना जरा चमत्कारिक वाटतें खरें, पण रमाबाईंच्या आयुष्यांत लिहिलेल्या शब्दाला एवढें महत्त्व कां आलें ह्याचें एक साधें कारण हेंही आहे. बोललेलें निसटून जाई. पत्र मात्र पुन्हां पुन्हां वाचतां येई.

इंग्लंडांत वॉन्टेज येथील जोगिणींच्या मठांत त्यांची सोय झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींनीं तेथें बाप्तिस्मा घेतला. ह्या घटनेनें इकडे महाराष्ट्रांत केवढी खळबळ झाली तें सर्वश्रुत आहे. रमाबाई लौकरच चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत शिकावयास व संस्कृत शिकवावयास गेल्या. मुलगी पुष्कळसा वेळ वॉन्टेजला सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याजवळ राहूं लागली. जेराल्डिन ह्या रमाबाईंच्या धर्माच्या नात्यानें आई. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्राच्या मायन्यांत हा अस्सल घरगुती मराठी शब्द रोमन लिपींत लिहिलेला पाहून प्रथम हंसूं येतें. मग लक्षांत येतें कीं, रमाबाईंनीं एका शब्दांत नवें घराणेंच उभें केलें होतें: मुलगी, आई आणि आजी. फक्त आजी कोणत्या बाबतींत आजी आणि कोणत्या बाबतींत मालकीण, हें ठरलें नव्हतें.

तो तंटा १८८४ व १८८५ ह्या दोन वर्षांतील पत्रांत खूप रंगला आहे. वरवर पाहतां विषय धर्माचा आहे. मठाची शिकवण जशीच्या तशी मान्य करावी अशी जेराल्डिनबाईंची अपेक्षा. आणि ब्राह्मणी गुरुपणाचें जूं नुकतेंच मानेवरून काढून टाकलेलें असतां त्या जागीं दुसरें जूं आपण घेणार नाहीं, असें रमाबाईंचें रोखठोक उत्तर. परंतु धर्माच्या ह्या वादांत मधून मधून मनोरमा येते, आणि ती आली कीं दोन्हीकडची लेखणी एकदम कठीण होते. मुलीला काय शिकवावें हें कोणीं ठरवावयाचें? आपल्याला जें अजून पटलेलें नाहीं तें आपल्या पोरीला पाठ करावयास लावूं नये, असा आईचा आग्रह. त्याहूनही मोठा आग्रह दुसरा होता. ही मुलगी इंग्रजी मडम होऊन हिंदुस्थानांत परत यावयाची नाहीं. आपल्या लोकांत तिनें त्यांच्यातली एक होऊन राहिलें पाहिजे, आपण हिंदुस्थानची लेक आहों हें सांगतांना तिला संकोच वाटतां कामा नये, असें रमाबाईंनीं जेराल्डिनबाईंना अनेक प्रकारें बजावलें आहे. ज्या काळांत पुण्यांत त्यांना ‘बाटली’ म्हणून शिव्याशाप देणें चालू होतें त्याच काळांत त्या तिकडे मुलीच्या हिंदीपणासाठीं भांडत होत्या, हें तेव्हां इकडे कोणाला माहीत असणें शक्य नव्हतें.

जेराल्डिनबाईंवरही अन्याय करूं नये. परक्या देशाच्या ह्या पोरीवर त्यांनीं मनापासून माया केली, तिच्या दुखण्याबाण्यांत जपलें. स्वतःचें मूल नसलेल्या बाईला दुसऱ्याचें मूल वाढवितांना हक्काची जाणीव व्हावी, हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. चूक असेल तर ती एवढीच कीं, रमाबाई स्वतंत्रपणें विचार करतात ह्याला त्या अहंकार म्हणत.

इकडे आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत शिकत होत्या. नात्यानें त्या व रमाबाई दूरच्या नातलग. परंतु दोघींची प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली ह्यांनीं पदवीदान समारंभास रमाबाईंना आमंत्रण दिलें, आणि मठाच्या मंडळींना फारसें रुचलें नाहीं तरी १८८६ च्या फेब्रुवारींत रमाबाई मनोरमेला घेऊन लिव्हरपूलहून निघाल्या. अटलांटिकचा प्रवास हिंवाळ्यांतला, समुद्र खवळलेला. मार्चच्या आरंभीं त्या फिलाडेल्फियास पोंचल्या. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली तेव्हां रमाबाई तेथें हजर होत्या. जी विद्या कानांमुळें आपल्या हातची गेली ती दुसऱ्या एका महाराष्ट्रीय मुलीनें मिळविलेली त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली.

मुक्काम थोडे दिवसांचा ठरला होता. तो जवळजवळ पावणेतीन वर्षें लांबला. अमेरिकन लोकांनीं रमाबाईंना व्याख्यानांसाठीं गांवोगांव बोलाविलें. किंडरगार्टनची शिक्षणपद्धति त्यांनीं शिकून घेतली, मराठी मुलींसाठीं सचित्र पाठ्यपुस्तकें तयार करण्याच्या उद्योगाला त्या लागल्या, आणि हिंदुस्थानांत विधवांसाठीं शाळा काढावयाची ह्या कल्पनेला हळूहळू आकार आला. आज ह्या गांवीं तर उद्यां त्या, अशी फिरती सुरू झाली. पांच वर्षांचें पोर बरोबर घेऊन हें होण्यासारखें नव्हतें. शेवटीं रमाबाईंनीं मनोरमेला परत इंग्लंडला पाठविलें. आणि तीही कोणाकडे, तर जिच्याशीं दोन वर्षें तंटा केला त्या आजीबाईंकडेच.

आईनें मूल दूर ठेविलें म्हणून रमाबाईंना दोष देणारे तेव्हांही होते, आणि अधूनमधून आजही भेटतात. त्यांना एवढेंच विचारावें कीं, त्याच काळांत आपले किती पुरुष बायकामुलें गांवीं टाकून बॅरिस्टरीसाठीं वा नोकरीसाठीं वर्षानुवर्षें परदेशीं राहत, आणि त्यांतील कोणाच्या पितृधर्माची चवकशी झाली? बरें, रमाबाईंनीं मुलगी दूर ठेविली ती सुखासाठीं नव्हे. हजारों मुली ज्या घरांत डोकें बोडून कोंडल्या गेल्या होत्या त्यांच्यासाठीं एक घर उभारावयाचें, तर स्वतःचें घर कांहीं काळ मोडलें पाहिजे, असा तो रोकडा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पण तो चुकता कोणीं केला, तर पांच वर्षांच्या मनोरमेनें. हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

तर आतां तीं पत्रें. तीं इंग्रजींत आहेत. मराठी आई, मराठी मुलगी, आणि पत्र इंग्रजींत. कारण ज्या मठांत मुलगी वाढत होती तेथें तिच्या कानांवर दुसरी भाषा पडत नव्हती. न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला आगबोट आठ-दहा दिवसांनीं पोंचे. म्हणजे मुलीनें विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळावयास तीन आठवडे सहज जावेत. एवढ्या अवकाशांत लहान मूल प्रश्न विसरून जातें. रमाबाईंना हें कळत होतें असें दिसतें. त्या मुलीशीं तिच्या वयाला झेपेल अशा बेतानें बोलतात. गोष्ट सांगतात, पाहिलेलें माणूस डोळ्यांपुढें उभें करतात. जेराल्डिनबाईंना लिहितांना तर्काच्या पायऱ्या एकामागून एक चढणारी पंडिता येथें ओळखूंही येत नाहीं.

ह्यांतील एक पत्र विशेष सांगण्याजोगें आहे. त्यांत रमाबाई मनोरमेला हॅरिएट टबमन ह्या बाईंची हकीकत कळवितात. हॅरिएट ही मेरीलंड संस्थानांत गुलामगिरींत जन्मलेली निग्रो स्त्री. १८४९ सालीं ती पळून मुक्त झाली, आणि स्वतः सुटल्यावर स्वस्थ न बसतां जिवावर उदार होऊन सुमारें तेरा वेळां परत गेली व आपल्या सत्तरएक माणसांना सोडवून आणती झाली. रमाबाईंची भेट झाली तेव्हां ती म्हातारी झाली होती, न्यूयॉर्क संस्थानांतील ऑबर्न येथें स्वतःच्या लहानशा घरांत नवऱ्यासह राहत होती, आणि तरीही आपल्या लोकांसाठीं खपत होती. ही सगळी कथा आई मुलीला सांगते. पण मुलीच्या मनांत राहील असें चित्र कोणतें, तें तिनें बरोबर हेरलें आहे. हॅरिएट अंगानें धिप्पाड. तिनें रमाबाईंना अस्वलासारखी मिठी मारली आणि हात असा हालविला कीं तो दुखूं लागला! वॉन्टेजच्या मठांत हें वाचून ती चिमुरडी खदखदून हंसली असेल ह्यांत शंका नाहीं.

हंसण्याच्या आंत काय होतें तेंही पाहावें. रमाबाई त्या वेळीं अमेरिकेच्या व्यासपीठांवरून हिंदु विधवांच्या दास्यावर बोलत होत्या. स्वतः बंधनांतून सुटलेल्या बाईनें मागें राहिलेल्यांसाठीं परत जावें, ही हॅरिएटची गोष्ट त्यांना जवळची वाटली तर नवल नाहीं. आपण तुला सोडून इतक्या लांब कां आलों, हें पांच-सहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगणें अशक्य. तें त्यांनीं ह्या अस्वलाच्या मिठीवाटे सांगितलें.

आनंदीबाई १८८६ च्या ऑक्टोबरांत क्षयानें पोखरलेल्या शरीरानें स्वदेशीं निघाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील जागा त्यांच्यासाठीं राखून ठेविली होती. ती तशीच राहिली. गोपाळरावांनीं त्यांच्या अस्थि मावशीकडे अमेरिकेस पाठविल्या, आणि त्या बाईंनीं पोकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्या पुरून वर शिळा उभारली. आनंदीबाईंचीं पत्रें मात्र तरलीं. त्यांच्या आधारें कॅरोलाइन डॉल ह्या बाईंनीं १८८८ सालीं बॉस्टन येथें इंग्रजींत चरित्र लिहिलें, आणि पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनीं मराठींत. मराठी स्त्रीनें मराठी स्त्रीचें लिहिलेलें तें चरित्र आजही वाचण्यासारखें आहे. त्याचा जीव पत्रांत आहे.

रमाबाईंचें ‘हाय-कास्ट हिंदू वुमन’ हें पुस्तक १८८७ सालीं फिलाडेल्फियास निघालें. बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेंत आनंदीबाईंच्या मृत्यूचा शोक आहे. अर्पणपत्रिका मात्र रमाबाईंनीं लिहिली ती आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांच्या, स्मृतीला. जिला पत्र लिहिण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं तिला उद्देशून लिहिलेल्या त्या चार ओळी, हेंच ह्या मुलीचें आईला गेलेलें एकुलतें एक पत्र म्हणावयाचें. पुस्तकाच्या हजारों प्रती खपल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरांत बॉस्टन येथें ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन होऊन दहा वर्षें मदत देण्याचें ठरलें. १८८८ च्या नोव्हेंबरांत रमाबाई सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघाल्या आणि जपानमार्गें १ फेब्रुवारी १८८९ रोजीं मुंबईस उतरल्या. सहा आठवड्यांच्या आंत चौपाटीवरचें घर उघडलें तें ११ मार्चला, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं. त्या घरांत आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. १८९३ सालीं, पुन्हां ११ मार्चलाच, तिचा धोंडो केशव कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला. योगायोगांना फार किंमत देऊं नये. तरी एकाच तारखेनें इतकें काम केल्याचें उदाहरण विरळा.

१८८९ सालींच निर्णयसागर छापखान्यांत रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ छापून निघालें. काळबादेवीच्या कोलभाट गल्लींत छापलेलें हें पुस्तक ठाकुरद्वाराच्या वाचकांना जवळजवळ हाकेच्या अंतरावर मिळण्यासारखें होतें. त्यांत अमेरिकेचें राज्य, शिक्षण, बायकांची स्थिति ह्यांचें भारदस्त वर्णन आहे. मनोरमा त्यांत नाहीं. पुस्तक एकीकडे आणि मुलीला लिहिलेलीं पत्रें दुसरीकडे, असें ठेवून वाचलें म्हणजेच त्या प्रवासाचें पुरतें मोल कळतें.

मायलेकी पुन्हां एकत्र आल्या. १८९० च्या नोव्हेंबरांत सदन पुण्यास गेलें. १८९३ सालीं धर्माच्या प्रश्नावरून न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनीं त्याचा संबंध सोडला. तो इतिहास येथें सांगत बसण्याचें कारण नाहीं. मनोरमा सदनांतील मुलींबरोबर वाढली, एवढें आपल्या विषयापुरतें पुरे. मात्र पुढें पारडें फिरलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली घेऊन आल्या, केडगांवची वसाहत उभी राहूं लागली, आणि वयांत आलेली मनोरमा शिक्षणासाठीं प्रथम इंग्लंडला व तेथून अमेरिकेला गेली. न्यूयॉर्क संस्थानांतील नॉर्थ चायली येथील शाळेंत ती राहिली. आतां मुलगी अमेरिकेंत आणि आई हिंदुस्थानांत. वाट तीच, पण टपाल उलट दिशेनें. १८९८ सालीं असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली म्हणून रमाबाईंना पुन्हां अमेरिकेस जावें लागलें, आणि मायलेकी त्या देशांत दुसऱ्यांदा भेटल्या. पहिल्या खेपेला बोट धरून आलेली मुलगी आतां सतरा वर्षांची झाली होती.

ती परत आली ती आईच्या कामासाठीं. अंधांना वाचावयास शिकविण्याची पद्धति तिनें आत्मसात् केली होती. ती केडगांवच्या अंध मुलींच्या उपयोगी पडली. शारदासदनाच्या शाळेची ती मुख्याध्यापिका झाली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली, निजामाच्या राज्यांत गुलबर्ग्यास तिनें मुलींची शाळा चालविली. इंग्रजी मठांत वाढलेल्या ह्या मुलीनें उभा जन्म ह्याच देशांतील मुलींत घालविला. १८८५ सालीं आईनें आजीबाईंना जें बजावलें होतें तें असें अक्षरशः खरें झालें. रमाबाई बायबलाच्या मराठी भाषांतरांत बुडून गेल्या असतां सगळा कारभार मनोरमेवर येऊन पडे. आपल्यामागें हीच सर्व पाहील ह्या भरंवशावर त्या होत्या. तो भरंवसा दैवानें मोडला. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा मिरज येथें वारली. वय अवघें चाळीस. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या गेल्या.

पत्रें राहिलीं, आणि तीं राहिलीं ती जेराल्डिनबाईंची कृपा. रमाबाईंनीं आपल्याला लिहिलेलीं, आपण त्यांना लिहिलेलीं, मनोरमेला आलेलीं, अशीं सर्व पत्रें म्हातारपणीं त्यांनीं एकत्र केलीं, तारीखवार लावलीं आणि मधून मधून स्वतःचीं टिपणें घातलीं. त्या टिपणांत रमाबाईंविषयीं जागोजाग नाराजी आहे. आपलेंच कसें बरोबर होतें हें दाखविण्याचा हेतुही झांकत नाहीं. तरी ज्या पत्रांत स्वतःला बोल लागला आहे तीं पत्रेंसुद्धां त्यांनीं गाळलीं नाहींत. प्रतिपक्षानें इतक्या प्रामाणिकपणें दप्तर सांभाळल्याचीं उदाहरणें आपल्याकडे फारशीं सांपडत नाहींत. हा संग्रह पुष्कळ वर्षें अप्रकाशित पडून होता. १९७७ सालीं अ. भि. शहा ह्यांनीं तो संपादिला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें मुंबईंत प्रसिद्ध केला.